बाटलीच्या भिंतीने खाल्लेलं शिसं

समजा, नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावातल्या बोअरचं पाणी पाव लिटरच्या काचेच्या बाटलीत भरलं आणि शिसं तपासायला शहरातल्या लॅबमध्ये पाठवलं. पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालतं, याची भारतीय मानकातली मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. या पाण्यात नेमकं तेवढंच शिसं आहे असं धरू. म्हणजे अख्ख्या बाटलीत अडीच मायक्रोग्रॅम. अणूंच्या हिशेबात ७ वर पंधरा शून्यं. आकडा अवाढव्य वाटतो, पण जरा थांबा.

आता बाटलीचा हिशेब करू. तिची आतली भिंत आणि तळ मिळून साधारण २०० चौरस सेंटिमीटर भरतात. काच म्हणजे मुख्यतः सिलिका. पाणी लागलेल्या सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे गट उभे असतात: सिलिकॉनला जोडलेला ऑक्सिजन आणि त्याच्या टोकाला हायड्रोजन. दर चौरस नॅनोमीटरला सुमारे पाच. गुणाकार केला की भिंतीवर १ वर सतरा शून्यं इतके गट निघतात. पाण्यातल्या शिशाच्या प्रत्येक अणूमागे भिंतीवर चौदा जागा रिकाम्या! पाणी उदासीन असेल तर यातले काही गट आपला हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात, आणि पाण्यातलं शिसं असतं धनभारित. पुढे काय होणार ते सांगायला नको.

सगळंच शिसं भिंतीला जात नाही हे खरं. काही चिकटतं, काही सुटतं, एक समतोल साधला जातो. पण नमुना दोन-चार दिवस बसस्टँड, कुरिअर, टेबल असा फिरत राहिला तर रिपोर्टवरचा आकडा खाली यायला तेवढं पुरतं. मर्यादेच्या काठावरचं पाणी मग कागदावर बिनधोक ठरतं. यात मशीनची चूक काहीच नाही. पाण्यात जेवढं उरलं होतं तेवढं त्याने इमानेइतबारे सांगितलं. पन्नास लाखांचं यंत्र, आणि निकाल ठरला बाटलीत.

उपाय स्वस्त आहे. नमुना भरतानाच थोडं शुद्ध नायट्रिक ॲसिड घालायचं, पीएच दोनच्या खाली न्यायचा. हायड्रोजन आयनांची एवढी गर्दी होते की भिंतीवरचे गट पुन्हा हायड्रोजन धरून बसतात आणि शिसं पाण्यातच राहतं. ॲसिड गावात घालायचं राहून गेलं तरी अजून वाट आहे: लॅबमध्ये आल्यावर त्याच बाटलीत ॲसिड घालून ती दिवसभर तशीच ठेवायची. चिकटलेलं बरंचसं परत येतं. मात्र पाणी आधी दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओतलं आणि मग ॲसिड घातलं, तर शिसं पहिल्या बाटलीबरोबर सिंकमध्ये गेलं म्हणून समजा. कामाची ही एवढीशी उलटापालट कुठल्याही रिपोर्टवर दिसत नाही, म्हणून ती मला जास्त धोक्याची वाटते.

बाटलीचे नियम वरवर पाहता विचित्र वाटतात, पण प्रत्येकामागे पृष्ठभागच असतो. तेल आणि ग्रीस मोजायचं तर बाटली काचेचीच हवी, आणि त्यातलं अर्धं पाणी घेऊन चालत नाही; सगळं वापरायचं आणि रिकामी बाटली हेक्झेन या द्रावकाने विसळून ते हेक्झेनही नमुन्यात घालायचं, कारण तेल पाण्यापेक्षा भिंतीवर जास्त रमतं. फ्लोराइड मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीत.

असं का होतं? द्रवाच्या किंवा घनाच्या आत खोलवर बसलेल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, ओढ सगळीकडून सारखी. अगदी कडेला बसलेल्याची एक बाजू उघडी. त्याची जोडण्याची ताकद शिल्लक राहते आणि समोरून येणाऱ्याला तो धरतो. याला अधिशोषण म्हणतात. लॅबमध्ये मात्र सगळे ॲडसॉर्प्शनच म्हणतात. आत मुरणं वेगळं, हे फक्त कातडीवर बसणं आहे. आणि कातडीवरच्या जागा मोजक्या असतात. त्या भरत गेल्या की चिकटणं मंदावतं आणि शेवटी थांबतं, हे आयर्विंग लँगम्युर याने १९१८ मध्ये गणितात बसवलं. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठीच त्याला १९३२ चं नोबेल मिळालं.

जागा मोजक्या असतात याचा अर्थ आपल्या बाटलीला लावून बघा. पाण्यात शिसं हजारपट असतं, लिटरला १० मिलिग्रॅम, तर भिंतीवरची एकूण एक जागा भरूनही दीड टक्क्याच्या वर शिसं गेलं नसतं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणजे विश्लेषणाची मर्यादा जसजशी मिलिग्रॅमवरून मायक्रोग्रॅमवर आणि तिथून नॅनोग्रॅमवर येत गेली, तसतशी भांड्यांच्या भिंती महत्त्वाच्या होत गेल्या. जुन्या मास्तरांना ही डोकेदुखी नव्हती, कारण त्यांच्या ब्युरेटला ती दिसतच नव्हती.

हे चोरीचं झालं. पण चिकटण्याचा हाच गुण रसायनशास्त्रज्ञांनी कामालाही लावलाय, आणि तो भाग जास्त मजेचा आहे.

औषधाच्या गोळीत मुख्य औषध किती आणि अशुद्धी किती हे ज्या एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रण वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर, बघतात, तिचा जीव असतो एका स्टीलच्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये. नेहमीचा कॉलम १५ सेंटिमीटर लांब, आतून साडेचार मिलिमीटर रुंद. त्यात सिलिकाचे पाच मायक्रॉनचे सच्छिद्र गोळे ठासून भरलेले. अशा सिलिकाच्या एका ग्रॅमला सुमारे ३०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. नळीत ती दीड ग्रॅमच्या आसपास मावते. म्हणजे बोटभर नळीत जवळजवळ पाच हजार चौरस फूट. नागपूरकराला हे तत्त्व समजावायची खरं तर गरज नाही. मे महिन्यात कूलरच्या जाळीत गवत भरतो ते याचसाठी: पाणी तेच, पण पातळ पसरायला जागा प्रचंड मिळते आणि हवेशी गाठ जागोजागी पडते. बोअरच्या पाण्याने त्या गवतावर पांढरा थर बसला की कूलर गार करेनासा होतो, तसाच कॉलमही घाण नमुन्यांनी बसतो.

या गोळ्यांवर अठरा कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या असतात, म्हणून नाव सी-१८. तेलकट स्वभावाचे रेणू या साखळ्यांपाशी रेंगाळतात, पाण्याच्या स्वभावाचे पुढे निघून जातात आणि मिश्रण वेगळं होतं. मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांमधले रंग खडूच्या भुकटीवर असेच वेगळे केले होते. कल्पना तीच, फक्त भुकटी बारीक आणि महाग झाली.

इथेही सिलॅनॉल आपला पिच्छा सोडत नाहीत. सगळ्या जागांवर साखळी बसवता येत नाही, साखळ्यांची एकमेकींना दाटी होते, आणि मधेमधे उघडे सिलॅनॉल उरतात. नायट्रोजन असलेली अल्कधर्मी औषधं त्यांना अडकतात आणि उशिरा सुटतात. कॉलममधून बाहेर पडणाऱ्या पदार्थाचं आलेखावर जे शिखर उमटतं, त्याला मग शेपटी फुटते. जरा अनुभवी केमिस्ट ती शेपटी बघूनच ओळखतो, आणि फिरत्या द्रवाचा पीएच खाली आणतो किंवा उरलेले सिलॅनॉल लहान गटांनी झाकलेला कॉलम लावतो. बाटलीत शिसं धरणारा आणि कॉलममध्ये औषध अडवणारा गट एकच. दोन्हीकडे पीएच उतरवणं हाच इलाज निघावा, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आता विदर्भाच्या जिव्हाळ्याचा विषय, फ्लोराइड. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर डाग, पुढे हाडांचं दुखणं. मानकात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. फ्लोराइड मोजायचं साधन म्हणजे मीटरला जोडलेला पेनाएवढा इलेक्ट्रोड. १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी ते मांडलं. त्याच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाची लहानशी चकती बसवलेली असते.

या चकतीचं वैशिष्ट्य असं की स्फटिकात फ्लोराइडच्या काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात. त्यासाठी थोडं युरोपियम मिसळतात. फ्लोराइड आयन या रिकाम्या जागांवरून उड्या मारत सरकू शकतो. दुसरा आयन सहसा त्यात बसत नाही. पाणी आणि स्फटिक यांच्या हद्दीवर थोडे फ्लोराइड आत-बाहेर करतात, तेवढ्याने भाराचा फरक पडतो आणि व्होल्टेज तयार होतं. पाण्याच्या पोटात काय चाललंय याच्याशी मीटरला देणंघेणं नाही; तो फक्त हद्दीवरचा हिशेब वाचतो. फ्लोराइड दसपट झालं की मीटर सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकतो. म्हणजे १ आणि १.५ या दोन मर्यादांमधलं अंतर जेमतेम १० मिलिव्होल्टचं, आणि एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे उत्तरात चार टक्क्यांचा फरक. इलेक्ट्रोडच्या टोकावर बोटाचं तेल लागलं तर काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधा.

आणखी एक पेच आहे. हायड्रॉक्सिल आयन आकाराने आणि भाराने फ्लोराइडसारखाच, त्यामुळे पाणी अल्कधर्मी असेल तर तो स्फटिकाला फसवतो. ॲसिड जास्त झालं तर उलटंच होतं: फ्लोराइड हायड्रोजनला धरून बसतं आणि इलेक्ट्रोडला दिसेनासं होतं. म्हणून पीएच पाच ते साडेपाचच्या मधे ठेवणारं द्रावण नमुन्यात घालतात. लॅबमधला सर्वांचा लाडका ‘टिसॅब’ तो हाच. तो आणखी एक काम करतो. ॲल्युमिनियमने धरून ठेवलेलं फ्लोराइड सोडवतो. फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात बसवली. ती चालते तुरटी आणि चुन्यावर: ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे लोळ तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटतं आणि गाळाबरोबर खाली बसतं. म्हणजे काढणारा पृष्ठभाग आणि मोजणारा पृष्ठभाग एकाच पाण्यात. अशा पाण्यात थोडं ॲल्युमिनियम उरलेलं असू शकतं, आणि टिसॅब न घालता मोजलं तर फ्लोराइड आहे त्याहून कमी दिसतं. योजना यशस्वी झाल्याचा खोटा आनंद, दुसरं काय.

पीएच मीटरचा काचेचा बल्ब याच घराण्यातला. हायड्रोजन आयन काचेतून आरपार जातो असं पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात. तो जात नाही. काचेच्या बाहेरच्या अंगाला पाण्याने फुगलेला, नॅनोमीटरमध्ये मोजावा लागेल इतका पातळ थर असतो. हायड्रोजन आयन तिथेच बसतात-उठतात. काचेच्या आतून भार वाहून नेतात ते सोडियम किंवा लिथियमचे आयन. म्हणून बल्ब कोरडा पडला की मीटर सुस्त होतो, आकडा ठरायला मिनिट-मिनिट घेतो. नागपूरच्या उन्हाळ्यात टोपण न लावता इलेक्ट्रोड रात्रभर टेबलावर राहिला तर सकाळी हमखास हे बघायला मिळतं. मग तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात काही तास भिजत ठेवायचा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्हे. त्याने इलेक्ट्रोडच्या आतलं मीठ बाहेर झिरपतं. आणि टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही.

द्रव आणि द्रव यांच्या हद्दीचंही एक उदाहरण घेऊ. नाग नदीसारख्या शहरी प्रवाहात घराघरांतल्या धुण्याचं पाणी येतं. त्यातल्या डिटर्जंटचा रेणूच हद्दीवर राहण्यासाठी घडवलेला: डोकं पाण्यात, शेपूट तेलात. तो मोजायचा तर मेथिलीन ब्लू हा निळा रंग घालून क्लोरोफॉर्म या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवाबरोबर फनेलमध्ये हलवतात. रंग एकटा पाणी सोडत नाही. ऋणभारित डिटर्जंटशी जोडी जमली की दोघं मिळून हद्द ओलांडतात आणि खालचा क्लोरोफॉर्मचा थर निळा होतो. जितका निळा, तितकं डिटर्जंट. मात्र फनेल जोरजोरात हलवलं की दोन थरांमध्ये फेसाळ साय धरते आणि ती मोडेपर्यंत चहा पिऊन या.

नागपूरच्या कळमना बाजारात येणाऱ्या मिरचीतलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, तपासायला एलायझा किट वापरता येतं; त्यात उत्तर रंगावरून कळतं. प्लॅस्टिकच्या ९६ खड्ड्यांच्या तबकडीवर विष ओळखून धरणारी प्रतिपिंडं नुसती ओतून ठेवली तरी चिकटतात. ही पद्धत १९७१ पासूनची. पण तसंच दुसरं काहीही चिकटेल आणि खोटा रंग येईल, म्हणून उरलेल्या जागा आधीच प्रथिनाने भरून टाकतात. बऱ्याच ठिकाणी यासाठी चक्क सायविरहित दुधाची पावडर वापरतात. साखर बघायच्या पट्टीवरही एन्झाइम पृष्ठभागावर बसवलेलं असतं, रक्ताचा थेंब फक्त तिथपर्यंत पोचायचा असतो.

कधी पृष्ठभाग हाच नमुना असतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख घ्या. भट्टीत कोळसा जळताना आर्सेनिक, सेलेनियम, शिसं यांसारखी काही मूलद्रव्यं वाफ होऊन उडतात आणि धूर गार होत जातो तशी राखेच्या कणांवर येऊन बसतात. कण जितका बारीक, तितकी त्याच्या वजनामागे जागा जास्त, म्हणून हा लेप बारीक राखेत जास्त. राख पूर्ण विरघळवून मोजली तर सगळ्याची सरासरी मिळते. पण पावसाचं पाणी किंवा आपलं फुप्फुस कणाच्या पोटाला शिवत नाही, सालीलाच शिवतं. कणांवरच्या या सालीवर १९७० च्या दशकात जे काम झालं, त्याने राखेकडे बघायची नजर बदलली.

फक्त साल वाचायची तर एक्सपीएससारखं तंत्र लागतं. एक्स-किरण टाकले की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, पण फार खोलवरून सुटलेला इलेक्ट्रॉन वाटेतच अडखळतो. नीट बाहेर येतात ते वरच्या १० नॅनोमीटरमधले. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप येणारा ऑक्साइडचा थर दोन ते चार नॅनोमीटरचा असतो. नागपूरजवळच्या वाडीला ॲल्युमिनियमसाठी खास संशोधन केंद्र आहे, त्या धातूचं गंजापासूनचं सगळं संरक्षण या एवढ्याशा पापुद्र्यावर. एक्सपीएसमध्ये धातू आणि ऑक्साइड अशी दोन वेगळी शिखरं दिसतात आणि त्यांच्या प्रमाणावरून जाडी काढता येते. यंत्राला निर्वात जागा लागते ती मुख्यतः स्वच्छतेसाठी. हवेचा दाब अब्जाव्या हिश्श्यावर आणला तरी स्वच्छ पृष्ठभागावर सेकंदाभरात वायूच्या रेणूंचा एक थर जमा होऊ शकतो. म्हणून त्याच्याही हजारपट खाली जावं लागतं.

नागपूरशी एक जुना धागा इथे जुळतो. चंद्रशेखर व्यंकट रामन अर्थखात्यात अधिकारी असताना १९१० च्या सुमारास नागपुरात नेमणुकीवर होते. त्यांच्या नावाचा परिणाम १९२८ चा. रेणूवर पडलेला प्रकाश विखुरताना त्यातला अगदी नगण्य भाग रंग बदलतो, आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. नगण्य म्हणजे इतका, की अंशमात्र पदार्थासाठी तो निरुपयोगी मानला जाई. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला चांदीच्या खडबडीत केलेल्या इलेक्ट्रोडवर पिरिडिन या रेणूचा असा संदेश अनपेक्षितपणे जोरदार आला. खडबडीतपणामुळे क्षेत्रफळ वाढलं, एवढंच सुरुवातीला वाटलं. १९७७ मध्ये इतरांनी हिशेब केला तेव्हा वाढ जवळपास दहा लाख पट निघाली. क्षेत्रफळाने ती भरून निघणं शक्य नव्हतं. चांदीच्या सूक्ष्म उंचवट्यांवर प्रकाशाचं क्षेत्र एकवटतं, आणि पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरच्या आत असलेल्या रेणूलाच त्याचा फायदा मिळतो.

२०१० मध्ये चिनी संशोधकांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर सिलिकाचं पातळ कवच चढवलं आणि ते कण संत्र्याच्या सालीवर पसरून तिच्यावरचं पॅराथिऑन हे कीटकनाशक जागच्या जागी ओळखलं. संत्रं न सोलता, न कापता. नागपुरात बसून हे वाचताना हात शिवशिवतात, पण कळमन्यात उद्यापासून असं यंत्र लागेल असं मला वाटत नाही. संदेशाची ताकद कण एकमेकांच्या किती जवळ पडले यावर ठरते. सालीवर दोन मिलिमीटर सरकलं की आकडा बदलतो. ‘आहे की नाही’ याला ते छान, ‘किती आहे’ याला अजून कच्चं.

म्हणून कीटकनाशकांच्या अवशेष तपासणीत आजही संत्रं सालीसकट बारीक करतात, ॲसिटोनायट्राइल हे द्रावक आणि क्षार घालून हलवतात, आणि वरचा थर घेऊन त्यात सफाईच्या भुकट्या टाकतात. या पद्धतीला क्वेचर्स म्हणतात, ती २००३ ची. भुकट्यांचे पृष्ठभाग आम्लं, शर्करा, रंग असा नको तो कचरा धरतात. त्यातली ग्राफाइटसारखी कार्बन भुकटी सालीचा रंग फार सुरेख काढते, पण सपाट बांध्याचे रेणूही तितक्याच आवडीने धरते. संत्री टिकवायला तोडणीनंतर वापरलं जाणारं थायाबेंडॅझोल नेमकं सपाट आहे. तेव्हा ती भुकटी चमच्याने अंदाजे टाकायची नाही, वजन करून टाकायची, आणि प्रत्येक तुकडीत माहीत असलेलं थायाबेंडॅझोल घातलेला एक नमुना बरोबर चालवायचा. त्यातलं किती परत मिळालं, तो आकडा आधी बघायचा. शेतकऱ्याच्या संत्र्याचा नंतर.